परड्यातला पावणा

टेम्पो दारात उभा होता, ड्रायव्हर दर दोन मिनिटांनी हॉर्न वाजवत होता आणि माझे सासरे परड्यात म्हशीला वैरण घालत होते. बावीस वर्षांपूर्वी आम्ही मुरगूड सोडलं, त्या सकाळची ही गोष्ट. परडं म्हणजे घरामागची मोकळी जागा. हे मी मुरगूडकरांना सांगत नाही. माझ्यासारख्या गाठोडी उचलून बाहेर पडलेल्यांची जी पोरं आता त्याला 'बॅकयार्ड' म्हणतात, त्यांना सांगते.

सगळी गल्ली निरोपाला जमली होती. मी नवी साडी नेसून, डोळ्यांत बेताचं पाणी आणून, टेम्पोच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी. नाटकाचा शेवटचा अंक असावा तशी. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा थाट, ते सासरे रंगमंचावर यायलाच तयार नाहीत. आमचे हे दोनदा हाक मारून आले. तिसऱ्यांदा परड्यातनं आवाज आला, "जावा की! मी काय टेम्पोला धक्का माराय येऊ? धार काढायची हाय माझी."

मी कागलपर्यंत फुगून बसले होते. त्या सकाळी म्हशीला तीनदा वैरण पडली, हे सासूबाईंनी मला पुढं वर्षभरानं सांगितलं. "म्हस खाऊन खाऊन खालीच बसली गं," म्हणाल्या.

ह्यांना फाउंड्रीत नोकरी लागली होती, ऋतुजा तीन वर्षांची होती, तिला शहरातल्या शाळेत घालायचं होतं. जाण्याला कारणं चांगलीच होती. पण मुरगूडचं घर आठवलं की मला पुढचा सोपा आठवत नाही, देवघर आठवत नाही, परडंच आठवतं. न्हाणीचं पाणी जिथं जायचं तिथं अळू माजलेला असायचा, शेवग्याखाली पाणी तापवायची चूल, आणि एका कोपऱ्यात म्हैस सगळ्यांकडं सासूच्या नजरेनं बघत रवंथ करायची. बायकांची सगळी महत्त्वाची बोलणी तिथंच व्हायची. पुढच्या दारानं पाहुणा यायचा, परड्याच्या दारानं माणूस.

कोल्हापुरात आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहिलो. घरमालकांची पहिली अट होती, भिंतीला खिळा मारायचा नाही. त्यामुळं आमच्या लग्नाचा फोटो आठ वर्षं जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता, रुसून बसल्यासारखा. कॅलेंडर फ्रीजच्या दाराला. माझं परडं म्हणजे गॅलरीतले रंगाचे चार रिकामे डबे. त्यात तुळस, कढीपत्ता, ओवा आणि एक हट्टी मिरची. मिरचीला पाणी घातलं की ते खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या पापडांवर टपकायचं. त्या वर तोंड करून जे बोलायच्या, ते मी इथं लिहीत नाही. पण त्या मिरचीपेक्षा त्यांची जीभ तिखट होती. पुढं आम्ही तोच फ्लॅट विकत घेतला, खिळा मारायची मुभा मिळाली, तर भिंत काँक्रीटची निघाली. खिळे वाकले, मी नाही.

गेल्या वर्षी शहराच्या कडेला आमचं रो हाउस झालं. खाली-वर चार खोल्या आणि मागं पंधरा बाय बाराची मोकळी जागा. तोवर ऋतुजा घरं सजवण्याचा कोर्स करून आलेली. मग काय विचारता! एकीकडं शिकलेली लेक आणि दुसरीकडं एकवीस वर्षं खिळ्याला उपाशी असलेली आई. दिसली भिंत की मार खिळा. दिवाणखान्यात केळीच्या पानांचा वॉलपेपर आला. जिन्याखाली पितळेची घागर आली. मागच्या जागेत मऊ गवताची लॉन अंथरली, दोन वेताच्या खुर्च्या ठेवल्या आणि मधोमध एक फायबरचा बगळा उभा केला. आमचे हे म्हणाले, "आता तिकीट लाव."

हे सगळं हौसेचं होतं, खोटं कशाला बोलू? पण त्यामागं एक पोटातली गोष्ट होती. सासूबाई जाऊन सहा वर्षं झालेली. म्हैस विकलेली. सासरे, त्यांना मी मामा म्हणते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मुरगुडात एकटे. गेल्या उन्हाळ्यात परड्यात चक्कर येऊन पडले, आणि दुपार टळेपर्यंत कुणाला पत्ताच नाही. शेजारच्या गणू तात्यांची शेळी चुकून आत शिरली, तिला हाकायला तात्या आले, म्हणून दिसले. त्या दिवशी मी ह्यांना सांगितलं, "आता त्यांना आणायचंच." ह्यांनी तीनदा प्रयत्न केला, तीनदा हात हलवत आले. चौथ्यांदा मी गेले. काय काय केलं ते सांगत नाही, पण रडण्यात मला गल्लीत तोड नाही.

मामांनी शेवटी अट घातली. "नागपंचमीला येतो. दसऱ्यापातूर ऱ्हाऊन बगतो. न्हाय करमलं तर सोनं वाटायचं आणि मुरगूडची एसटी धरायची. मग परत 'चला' म्हणून कुणी माझ्या दारात यायचं न्हाय. कबूल?"

मी म्हटलं, "कबूल." मनात म्हटलं, दोन महिने पुष्कळ झाले.

नागपंचमीला मामा आले. एक पिशवी, एक घोंगडं. घरभर फिरले. वॉलपेपरच्या केळीला हात लावून बघितला आणि म्हणाले, "झाड झ्याक हाय. घड कवा पडतोय?" मागच्या दारात मात्र एकदम थबकले, हात आडवा करून मला थांबवलं आणि कुजबुजले, "हलू नगं. उडंल." बगळा काही उडाला नाही. ते फसले होते की मला फसवत होते, हे मला अजून उमगलेलं नाही.

पहिले दोन दिवस मी खुशीत होते. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की माझ्या घरात एक अतिशय सभ्य गृहस्थ राहतोय आणि तो माझा सासरा नाही.

सकाळी उठून घोंगड्याची चौकोनी घडी. कॉटखाली पिशवी, चेन लावलेली. सोफ्याच्या अगदी कडेला बसायचे, पाठ न टेकता. "सुमन, जरा पाणी घेऊ का?" "टीव्ही लावलेला चालंल न्हवं?" जेवताना, "आमटी लई झ्याक." ज्या माणसानं मुरगुडात वीस वेळा ताट सरकवून "ही आमटी हाय का गटारीचं पाणी?" म्हणून विचारलं होतं, तो माझ्या आमटीला झ्याक म्हणत होता! एसटीच्या स्टँडवर बसलेला माणूस जसा बाकाशी भांडत नाही, तसे ते माझ्या घरात बसले होते.

मग मी माझं डोकं लढवलं. एका रात्रीच्या आमटीत मी मुद्दाम दुप्पट मीठ घातलं. ऋतुजानं पहिल्या घासाला "आई!" म्हणून किंकाळी फोडली. ह्यांनी तांब्या तोंडाला लावला. मी मामांकडं बघत राहिले. ओरडा हो, एकदा तरी ओरडा! मामांनी भाकरी कुस्करली, आमटी ओतून घेतली, शेवटपर्यंत जेवले आणि हात धुताना म्हणाले, "चांगली झालती."

त्या रात्री मी ओट्यापाशी जी रडले, ते नाटक नव्हतं.

आता पुढची चूक माझी एकटीची. ऋतुजाला मी बोल लावणार नाही, जरी कल्पना तिची होती. ती म्हणाली, "आई, आज्जाला इथं आपलं काही दिसायला हवं. मुरगूडचं काहीतरी भिंतीवर आलं की त्याला बरं वाटेल." मला पटलं. मुरगूडच्या माळ्यावरनं मागंच आम्ही थोडं सामान आणलं होतं, त्यात मामांच्या बैलांचं जू होतं. बैल विकून बारा वर्षं झाली, पण मामांनी जू विकलं नव्हतं. आम्ही ठरवलं, त्याचा दिवा करायचा. आडवं जू दिवाणखान्याच्या छताला साखळीनं टांगायचं आणि त्याला तीन पिवळे बल्ब.

शौकतभाई म्हणून आमचे सुतार आहेत, लाकडाला हात लावला की लाकूड ऐकतं असा माणूस. त्यांनी ड्रिल हातात घेतलं आणि थांबले. "वैनी, ह्याला भोक पाडू? बैलांच्या खांद्यावरचं हाय हे. म्हाताऱ्यास्नी इचारलंय न्हवं?"

मी म्हटलं, "सरप्राइज आहे, भाई. पाडा."

भाईंनी पाडलं, पण भोकं अगदी लहान पाडली. जाताना जुवाला हात लावून गेले, हे मला नंतर आठवलं.

राखी पौर्णिमेच्या संध्याकाळी मामा देवळातनं आले. मी दिवाणखान्यात अंधार करून ठेवला होता. ते आत आल्यावर हातवारे करत "एक, दोन, तीन!" म्हणून बटण दाबलं. तीन बल्ब लागले. मामांनी वर बघितलं. मग हळूच एक पाऊल मागं सरकले, जुवाच्या खालनं बाहेर.

"हे कुणी केलं?"

मी अजून हसतच होते. "आम्हीच! तुमच्या सर्जा-राजाची आठवण म्हणून…"

"आठवण?" त्यांचा आवाज चढला. "बेंदराला बैलांसंगं ह्यालाबी हळद-कुंकू लावल्याबिगर मी तोंडात पाणी घेतलं न्हाय कवा. वलांडून गेलो न्हाय कवा. आणि तू त्येच्या पोटात वायरी घालून ते टांगलंस व्हय? आरं, माणूस मेला तरी त्येला आडवा ठेवत्यात, टांगत न्हाईत! अक्कल हाय का न्हाय तुला? का कोल्हापुरात आल्यावर तीबी भाड्यानं दिलीस?"

ऋतुजाला रडू फुटलं. हे वर्तमानपत्रामागं लपले, ते वर्तमानपत्र उलटं होतं. माझ्याही डोळ्यांतनं धारा लागल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. खेड्यातलं सगळं जग ज्या लाकडावर चाललं, ते मी झुंबर म्हणून लटकवलं होतं. पण खरं सांगते, त्या रडण्याच्या खाली कुठंतरी एक पोरगी टाळ्या पिटत होती. मामा माझ्यावर ओरडले! दहा दिवसांत पहिल्यांदा!

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कसल्यातरी धप्प धप्प आवाजानं जाग आली. मागच्या दारात जाऊन बघते तर मामा धोतर खोचून, कुदळ घेऊन माझी लॉन उकरतायत. कुदळ कुठनं आणली? समोरच्या बांधकामावरनं. कुणाला विचारलं? कुणालाच नाही. मऊ मऊ गवताच्या पेंढ्या बांधून भिंतीला लावलेल्या. बगळा तोंड भिंतीकडं करून कोपऱ्यात, शिक्षा केल्यासारखा.

"मामा, ते गवत…"

"गवत कसलं? वैरण हाय. गवळ्याच्या म्हशीला दिली निम्मी. म्हस दुसऱ्यांदा मागत हुती."

त्यांनी पहाटेच स्टूलवर चढून जू उतरवलं होतं. वायरी काढल्या होत्या. भिंतीलगत दोन मेढी पुरल्या आणि जू त्यांच्यावर आडवं ठेवून सुतळीनं आवळलं. "दोडक्याचा मांडव," म्हणाले. "काम करून मोठं झालेलं लाकूड हाय ते. त्येला बसवून ठेवलं तर त्येला कीड लागंल." मग खाली बघून माती सारखी करत राहिले. "आमच्यासारखी," असं काहीतरी पुटपुटले. मी ऐकलं नाही असं दाखवलं. नाटकात तेवढं तरी मला जमतं.

त्या दिवसापासनं परडं त्यांचं झालं. दोडका, भेंडी, मिरची, कोथिंबीर, एका कडेला झेंडू. आंघोळसुद्धा मागच्या नळावर, लंगोट लावून, मोठ्यानं अभंग म्हणत. ऋतुजाच्या एका ऑनलाइन मीटिंगमध्ये मागच्या खिडकीतनं आज्जाचं संपूर्ण दर्शन घडलं, तेव्हा पलीकडच्या क्लायंटनं विचारलं म्हणे, की मागं पुतळा बसवलाय का? पुतळा तेवढ्यात डोक्यावर तांब्या ओतता झाला.

मी हरखून गेले होते. पण एक गोष्ट सलत होती. परड्यात मामा राजे, आणि उंबरा ओलांडून आत आले की परत पावणे. पायपुसण्यावर पाय चारदा पुसायचे. "सुमन, दिवा बंद करू का?" पिशवी कॉटखाली तशीच, चेन लावलेली. दोडक्याला फूल आलं, मग बोटाएवढं फळ धरलं, आणि दिवस मात्र दसऱ्याकडं निघाले होते. ह्यांना मी रोज विचारायची, "राहतील ना हो?" हे म्हणायचे, "कबूल केलंयस ना? मग विचारू नको." मी विचारलं नाही. गप्प बसण्याचा असला व्यायाम मी जन्मात केला नव्हता.

दसऱ्याला मामांनी आम्हा सगळ्यांना आपट्याची पानं दिली. "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी खांद्याला लावून दारात उभे. मी आठवडाभर एक भाषण पाठ केलं होतं. त्यात सासूबाई होत्या, शेळी होती, माझं रक्तदाबाचं औषधसुद्धा होतं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

"मामा, नाही करमलं?"

त्यांनी चपला घातल्या. "दोडक्याला दिवसातनं एकदाच पाणी घाल. लाड करू नगंस, मुळं कुजत्यात." आणि गेले.

मी आत येऊन त्यांच्या कॉटवर बसले. घोंगडंही नेलं होतं. दोन दिवस फोन लावला, बंद. पोरगी बोलत नव्हती, हे फाउंड्रीतनं उशिरा येत होते. मी परड्यात जायचीच नाही. पाणी घालायची तेवढी, पाठमोरी उभी राहून. त्या दोन दिवसांत मला आमचा टेम्पो आठवत राहिला. आपण निघून जातो तेव्हा आपल्याला वाटतं, दुःख सगळं जाणाऱ्याच्या वाट्याचं. मागं राहिलेला माणूस हातात वैरण घेऊन काय करत असतो, हे मला पन्नाशीच्या घरात आल्यावर कळलं.

रविवारी अकराच्या सुमाराला गल्लीत एक वडाप जीप घुसली. आमच्याकडं खेड्यापाड्यांतनं माणसं कोंबून आणणाऱ्या जीपला वडाप म्हणतात. तिच्यातनं एक पटका उतरला. मग दुसरा. मग टोप्या, काठ्या, एक छत्री. आठ म्हातारे उतरले, आणि सगळ्यांच्या शेवटी, डोक्यावर पोतं घेऊन, मामा.

मी दारात. मला बघून म्हणाले काय, तर, "बगत काय ऱ्हायलीस? पावणं आल्यात! पाणी दे. आठ पानं जादा टाक. जेवूनच जाणार हाईत." आणि मला ओलांडून आत न येता, आठही जणांना घेऊन बाजूच्या बोळानं थेट परड्यात!

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतनं बघत होते. मामा दोडक्याच्या मांडवाखाली उभे राहून, एक एक फळ बोटानं दाखवत होते. पोत्यातनं खुरपं, विळा, माती भरायची पाटी आणि मिरचीच्या बियांची पुरचुंडी निघाली. कुणीतरी म्हणालं, "जागा ल्हान हाय गा." मामा उसळले, "ल्हान हाय तर तू कशाला मधी उभारलाईस? हो बाजूला!"

गणू तात्या पाणी प्यायला खिडकीशी आले आणि मला म्हणाले, "पोरी, मुरगूडच्या घराची किल्ली आमच्यात दिलीया म्हाताऱ्यानं. दोन दिवस नुसतं ह्यो दोडका आणि त्यो दोडका. आमी म्हटलं, चला, एकदाचा बघून तरी येऊ, न्हायतर ह्यो गप बसायचा न्हाय."

मी तांब्या दिला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. दोन महिने ज्या माणसानं पाण्याचा पेला विचारून घेतला, त्यानं आठ माणसं न विचारता जेवायला आणली होती. हुकूम सोडला होता, आणि माझ्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नव्हतं. ज्याला आपण घर म्हणतो, त्याची ह्याहून वेगळी खूण मला तरी माहीत नाही. वॉलपेपर, घागर, झुंबर, सगळं छान आहे, मला आवडतं, मी काढणार नाही. पण माणूस घरात राहायला येतो तो ज्या दिवशी परवानगी मागायची विसरतो, त्या दिवशी.

मग मला पिठाचा डबा आठवला. उघडला. चार भाकऱ्यांचं पीठ, आणि माणसं बारा. हे म्हणाले, "हॉटेलातनं मागवूया."

मी मागच्या दारानं बाहेर गेले. आमच्या परड्याला लागून शेजारच्या बाईंचं परडं. त्या मलकापूरच्या. वर्षभरात आमचं बोलणं "बरं आहे ना?" एवढंच. कोल्हापुरात आल्यापासनं मी कुणाच्या दारात रिकामी वाटी घेऊन उभी राहिले नव्हते. शहरात ते बरं दिसत नाही, असं स्वतःच ठरवून टाकलं होतं मी. भिंतीवर हात ठेवला, टाचा उंचावल्या आणि मुरगूडच्या आवाजात हाक घातली, "ओ वैनी! आमच्यात पावणं आल्यात! चार-पाच भाकरी टाकता का?"

भिंतीपलीकडनं भांडं आपटल्याचा आवाज आला. मग त्यांचं डोकं दिसलं, कपाळाला पीठ लागलेलं.

"चार-पाचनं काय हुतंय? पंधरा टाकते की! आणि मिरचीचा खर्डा हाय का, का त्योबी करू?"

मी लाजले नाही. आभार मानले नाहीत. "उगाच तुम्हाला त्रास," असंही म्हणाले नाही.

"करा की," म्हटलं, "आणि लसूण जादा घाला."